सातबाऱ्यावर नसलेलं स्मशान

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की शहर बराच वेळ पाठ सोडत नाही. मंगल कार्यालयं, ढाबे, ले-आउटचे फलक, मध्येच गोरेवाड्याच्या बाजूची झाडी आणि पुन्हा ले-आउट. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर जुनापाणीचं शिवार येतं. इथल्या बरड जमिनीवर, साग-पळसाच्या विरळ रानात, काळ्या गोट्यांची वर्तुळं आहेत. या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळं असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, माणसं आपल्या मृतांना घेऊन या माळावर येत होती. काटोलला जाणाऱ्या एसटीतले प्रवासी रोज या स्मशानाजवळून जातात आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या धुऱ्यांवर गेली. आधी साखळी, मग टेप, शेवटी यंत्र. या कामात एक गोष्ट अंगात मुरते. शेताच्या कोपऱ्यातल्या दगडाला स्वतःची काही किंमत नसते, असते ती त्याच्या जागेला. हद्दीचा दगड दोन हात सरकला की सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि त्यांची मुलं ती तारीख पुढे चालवतात. जुनापाणीच्या गोट्यांकडे मी पहिल्यापासून याच नजरेनं बघत आलो आहे.

तिथं जायचं तर पावसाळ्यात जाऊ नये. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, रायमुनियाच्या जाळ्या माजलेल्या असतात आणि माणूस वर्तुळाच्या मधोमध उभा राहिला तरी त्याला ते कळत नाही. माघ-फाल्गुनात सागाची पानं गळून पडतात, गवत वाळून आडवं होतं, पळस फुलतो. तेव्हा जमिनीचा खरा आकार दिसू लागतो. सकाळी लवकर गेलं तर आणखी बरं, कारण उन्हं तिरपी असली की जरासाही उंचवटा आपली सावली टाकतो आणि फूटभर उठलेली जमीनही लगेच नजरेत भरते. भर दुपारी तीच जमीन सपाट वाटते.

वर्तुळ म्हणजे नेमकं काय दिसतं? काठाला मोठे काळे गोटे, बरेचसे एकमेकांना खेटून. त्यांच्या आत लहान दगड आणि माती यांची भर, मध्यभागी थोडी फुगलेली. बाहेरचे गोटे म्हणजे या भरावाला घातलेला बांधच. ही भर पावसानं वाहून जाऊ नये आणि आत जे ठेवलं आहे ते उघडं पडू नये, अशी ती योजना आहे. नुसत्या गोट्यांकडे पाहून परत फिरणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की मधला उंचवटा बघा. खरं थडगं तो आहे, गोटे त्याचं कुंपण.

आणखी एक गोष्ट बघावी. भोवतालची जमीन मुरमाड, तांबूस, पाणी न धरणारी. वर्तुळांच्या आत मात्र जागोजागी काळी चिकण माती लागते. विदर्भातल्या उत्खननांतही असंच आढळलं आहे : मृताचे अवशेष आणि वस्तू ठेवल्या, की वर काळ्या मातीचा आणि दगडगोट्यांचा जाड थर. ही माती माळावरची नाही, खालून नाल्याकाठून किंवा शेतातून उचलून आणलेली. काळी माती सुकली की आवळून बसते आणि भिजली की फुगून फटी बुजवते. विहिरीचं किंवा तळ्याचं काम केलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. त्या लोकांनाही ठाऊक होतं.

जुनापाणीची वर्तुळं साधारण सहा मीटरपासून सोळा-सतरा मीटरपर्यंत व्यासाची आहेत. त्यांतल्या एका मध्यम वर्तुळावर मी टेप धरला. पूर्व-पश्चिम व्यास घेतला, मग दक्षिणोत्तर. दोन्हींत फरक वीतभराचा. मध्यभागी खुंटी, तिला दोर आणि दोराच्या टोकाला माणूस, एवढ्यावर असं वर्तुळ निघतं. पण उताराच्या, ओबडधोबड जमिनीवर ते इतकं नेमकं काढायचं तर दोर क्षितिजाला समांतर धरावा लागतो. नवीन लागलेल्या मापकाला हे शिकवायला आम्हाला बराच वेळ लागायचा. म्हणून मला वाटतं, त्या लोकांत आखणीचं काम कुणा ठरावीक, हात बसलेल्या माणसाकडे असावं. पुराव्यानिशी सिद्ध करता येईल असं हे विधान नाही, पण टेप हातात धरलेल्या माणसाला ते पटतं.

त्या वर्तुळाचा व्यास बारा मीटर धरू. परीघ झाला सदतीस-अडतीस मीटर. हातभराहून मोठे गोटे खेटून मांडले तर चाळीसेक लागतील. मीटरभर लांब, पाऊण मीटर रुंद असा गोलसर बेसाल्टचा गोटा सहाशे किलोच्या घरात जातो. म्हणजे नुसता काठ चोवीस टनांचा. आतली भर सरासरी अर्धा मीटर उंच धरली तर पन्नास-पंचावन्न घनमीटर दगडमाती, वजनानं नव्वद टनांच्या आसपास. वीस किलोचं टोपलं धरलं तर साडेचार हजार टोपली झाली. पन्नास माणसांनी दिवसाला दहा-दहा खेपा घातल्या तर नऊ दिवस. त्यात गोटे ओढणं आलं नाही, माती खणणं आलं नाही, या पन्नास माणसांचा स्वयंपाक आला नाही. एका माणसाच्या मरणापायी अख्ख्या वस्तीनं सुगीएवढं कष्टाचं काम अंगावर घेतलं होतं. हा हिशेब ढोबळ आहे. पण तो मांडल्यापासून त्या उंचवट्याजवळून चालताना माझे पाय आपोआप बाजूनं पडतात.

गोटे मात्र लांबून आणावे लागले नसतील. नागपूर शहर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. शहराच्या पूर्वेला जुने, स्फटिकी खडक. पश्चिमेला दख्खनच्या लाव्हाचा काळा पत्थर. जुनापाणी पश्चिमेकडचं. या काळ्या पत्थराला ऊन-पावसानं चिरा पडतात, चिरांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत आतला कठीण, गोल गाभा उरतो. असे गोल गोटे या माळांवर आयते पडलेले असतात. ज्यांच्या पायाखाली असे गोल गोटे होते त्यांनी वर्तुळं रचली. जिथं फाडीचे, सपाट दगड मिळतात तिथं लोकांनी फाड्या उभ्या करून वर एक आडवी टाकली आणि दगडी खोल्या केल्या. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला तशा खोल्या बघायला मिळतात.

काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, बहुधा ओळीनं. पहिल्यांदा ते दिसत नाहीत. तळहात फिरवला की बोटं अडखळतात आणि मग सरळ रेषेत जाणारी रांग लक्षात येते. इतक्या कठीण दगडावर एक खळगा पाडायचा तर कितीतरी वेळ टोचत बसावं लागलं असणार, म्हणजे हा काही गुरं राखताना केलेला चाळा नव्हे. हे खळगे कशासाठी? टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळगे असलेल्या गोट्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी काही मेळ बसतो का, हे तपासलं आहे. एकच उत्तर सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. पण हा प्रश्न विचारता आला, याचं कारण एवढंच की खळग्यांचे गोटे अजून आपापल्या जागी होते. वर्तुळाच्या कुठल्या अंगाला खळग्याचा गोटा आहे, हेच मोजायचं होतं. तो गोटा कुणी उचलून बंगल्याच्या बागेत नेऊन ठेवला असता तर खळगा शाबूत राहिला असता, पण दिशा कायमची गेली असती.

जुनापाणीच्या रानात शेळ्या चारणारा एक म्हातारा मला भेटायचा. त्याला मी विचारलं, हे काय आहे?

"गवळ्याईचे गोटे आहेत जी," तो म्हणाला. "पयले गवळी राजे होते. त्याईच्या गाई अठी बसत."

"मंग मधात माती काऊन भरली?"

"गाईले बसाले मऊ पाह्यजे नं, साहेब."

ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही गावकऱ्यांनी हेच सांगितलं होतं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. गवळ्यांची सत्ता होऊन गेली ही आठवण नागपूर भागात फार जुनी आहे. थडग्यांचे खरे धनी विसरले गेले तेव्हा लोकांनी आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या माणसांच्या नावावर ते गोटे चढवले. मला ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. गुरं हा त्या लोकांच्या जगण्याचा मोठा भाग होता, हे उत्खननात सापडलेल्या हाडांवरून पुढे दिसलंच.

या वर्तुळांच्या शोधात एका माणसाचा जीव गेला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवता चालवता त्यांनी या भागातले जीवाश्म, खडक आणि आदिवासींच्या बोली व चालीरीती यांचा अभ्यास केला. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावानं पुढे निघालं. सप्टेंबर १८६३ मध्ये ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले. टेंपल मुक्कामाकडे परतले, हिस्लॉप एक शाळा तपासायला मागे थांबले. ४ सप्टेंबरच्या रात्री घोड्यावरून येताना वाटेतल्या फुगलेल्या ओढ्यानं त्यांना नेलं. पावसाळ्यातला नाला काय असतो, हे विदर्भात फिरतीची नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आदिवासींविषयीचे त्यांचे अपुरे राहिलेले लेख टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतले. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, स्थापन झाला तोही १८६३ मध्येच.

जुनापाणीत पहिल्यांदा खणलं ते जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी. हे मध्य प्रांताचे कापूस कमिशनर होते, म्हणजे कामच गावोगाव हिंडण्याचं. त्यांनी काही वर्तुळं उघडली, लोखंडी हत्यारं आणि भांडी काढली, गोट्यांवरचे खळगे नीट नोंदवले आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकीगत छापली. आपल्या मायदेशातल्या अशाच दगडी वर्तुळांशी आणि खळग्यांशी असलेलं साम्य पाहून ते चकित झाले होते. दोन्हीकडे एकच जमात पोचली असेल का, असे तर्क त्या काळी पुष्कळ झाले. आज ते कुणी धरून बसत नाही. गोल गोटे आणि मेलेल्या माणसाबद्दलची माया या दोन्ही गोष्टी जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आढळतात.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीत पुन्हा उत्खनन केलं. पण विदर्भातल्या या वर्तुळांच्या संस्कृतीचं चित्र खऱ्या अर्थानं उभं केलं ते डॉ. शां. भा. देव यांनी. टाकळघाट-खापा, मग १९७० ते १९७२ माहुरझरी, पुढे अरविंद जामखेडकरांबरोबर नायकुंड. त्यांच्यामागून गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांनी हिंगण्याकडच्या रायपूरला काम केलं. माहुरझरीला डेक्कन कॉलेजचे आर. के. मोहंती यांनी या शतकात पुन्हा खणलं. या सगळ्या अहवालांत मला सर्वांत भावतात ते आराखडे. वर्तुळ चार भागांत वाटून एकेक चतकोर खाली न्यायचा, भांडं कुठल्या कोपऱ्यात, कुऱ्हाडीचं पातं कुठल्या दिशेला, घोड्याची हाडं किती खोल, हे सगळं कागदावर. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका अंत्यविधीची ही मोजणी आहे.

आत काय निघालं? माणसाची हाडं बहुधा थोडी आणि मोडकी. म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर वेचलेल्या अस्थी इथं आणल्या असाव्यात, असं बहुतेक ठिकाणी मानलं जातं. माहुरझरीसारख्या ठिकाणी मात्र अख्खे सांगाडेही मिळाले. सोबत मातीची भांडी, त्यांत ठळक म्हणजे काळी-तांबडी. एकाच भांड्याचं तोंड आणि आतली बाजू काळी, खालची बाहेरची बाजू लाल. भांडं आव्यात पालथं घालून भाजलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही आणि ती काळी राहते. बाहेरची हवा लागून लाल होते, असं त्याचं एक सरळ स्पष्टीकरण आहे.

लोखंड भरपूर. सपाट कुऱ्हाडी, आणि त्यांना दांड्याशी आवळून धरणारे आडवे लोखंडी पट्टे. ही आडव्या पट्ट्याची कुऱ्हाड विदर्भाची खूणच म्हणावी इतकी वारंवार सापडते. छिन्न्या, कट्यारी, पळ्या, कुदळी, नखं काढायच्या नखण्यासुद्धा. माहुरझरीला तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार मिळाली. यांतली काही हत्यारं धातुतज्ज्ञांनी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा मागचा भाग मऊ लोखंडाचा आणि काम करणारं टोक किंवा धार पोलादाची, असंही आढळलं. हत्याराचं तोंड तेवढं कठीण करावं आणि बाकीचं लवचीक ठेवावं म्हणजे ते मोडत नाही. आजही गावचा लोहार कुऱ्हाडीला पाणी देताना हेच साधतो.

हे लोखंड कुठून आलं, याचं उत्तर पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंडला मिळालं. तिथं लोखंड गाळायची भट्टीच सापडली. वक्र आकाराच्या मातीच्या विटांची, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्यांसह, शेजारी लोहमळीचा ढीग. म्हणजे कुऱ्हाड बाहेरच्या बाजारातून आली नव्हती. वर्तुळं रचणारे लोक स्वतः लोखंड गाळत होते. नायकुंडच्या आणि टाकळघाटच्या कोळशाच्या कार्बन-१४ तारखा साधारण इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास येतात. गौतम बुद्धांच्या काळाला लागूनच हे सगळं चाललं होतं. गंगेच्या काठी नगरं वसत होती तेव्हा पेंचच्या काठी भट्टी पेटलेली होती.

आणि घोडा. विदर्भातल्या कितीतरी वर्तुळांत घोड्याची हाडं आहेत, काहींवर कापल्याच्या खुणा आहेत. धन्याबरोबर त्याचा घोडाही मारून पुरला, असं यावरून दिसतं. तोंडात घालायचे लोखंडी लगाम मिळाले. घोड्याच्या चेहऱ्यावर बांधायचा, तांब्याचा पत्रा आणि गोल टिकल्या जडवलेला साज मिळाला. झाकणाच्या मुठीवर पक्षी बसवलेली तांब्याची भांडीही आहेत. या पक्ष्यापाशी मी संग्रहालयात बराच वेळ उभा राहतो. इतकं कसबाचं काम करायचं आणि मग ते मातीखाली, पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून, टनावारी दगडांखाली ठेवून द्यायचं. हे त्यांच्या जवळ वरकड होतं म्हणून दिलं नाही. ज्याला दिलं त्याच्यावरून ओवाळून टाकावं इतका तो जवळचा किंवा मोठा होता, म्हणून दिलं.

माहुरझरीची दुसरी ओळख म्हणजे मणी. इथल्याच काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत अकीक आणि कार्नेलियन मिळतो. तो फोडून, घासून, भोक पाडून मणी करणारे कारागीर तिथं होते. अर्धवट राहिलेले, भोक पाडताना फुटलेले मणी त्याची साक्ष देतात. पाऊस पडून गेल्यावर तिथल्या शेतांत लाल खडा चमकलेला गुराख्यांनाही माहीत असतो.

पश्चिम महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला याच्या थोडं आधी शेतकरी वस्ती होती. ते लोक मृतांना घराच्या जमिनीखाली पुरत, लहान मुलांना रांजणात ठेवून. प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेला माणूस घरातच राहावा, उठून जाऊ नये, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. विदर्भातल्या लोकांनी उलट केलं. मृताला वस्तीपासून दूर, पीक न येणाऱ्या उंच माळावर नेलं. सुपीक जमीन जिवंतांना, बरड जमीन मेलेल्यांना. आजही आमच्या गावांच्या नकाशात स्मशान बहुतेक वेळा बरडावरच असतं.

एक हिशेब मला सतत टोचतो. तीनशे वर्तुळं चारशे वर्षांत झाली असं धरलं तर वर्षाला एकही पडत नाही. दोन-अडीचशे माणसांच्या छोट्या वस्तीतसुद्धा त्या काळी वर्षाला सहा-आठ मरणं सहज होत असतील. काही वर्तुळं नष्ट झाली असतील, काहींत एकाहून जास्त माणसं असतील, हे धरूनही आकडा जुळत नाही. म्हणजे वर्तुळ सगळ्यांना मिळत नव्हतं. घोडेस्वाराला मिळत असेल, मुखियाला, त्याच्या घरच्यांना. ज्यांनी साडेचार हजार टोपली डोक्यावरून वाहिली त्यांच्यातल्या बहुतेकांची हाडं कुठं गेली, याची खूण या माळावर नाही.

आता या जागांचं काय चाललं आहे, तेही सांगायला हवं, कारण मी ते माझ्या कामाच्या निमित्तानं जवळून पाहिलं आहे. विदर्भाच्या महसुली कागदांत झुडपी जंगल नावाची एक नोंद असते : धड शेती नाही, धड वन नाही. मी पाहिलेली कितीतरी वर्तुळं अशाच पडीत जमिनींवर आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच मानावं असा निकाल दिला, तेव्हा मला झाडांइतकाच या गोट्यांसाठी आनंद झाला. कारण पडीत जमीन म्हटली की तिथं मुरूम काढायला जेसीबी पहिल्यांदा जातं. त्या चालकाच्या दृष्टीनं वर्तुळ म्हणजे आयती गोळा करून ठेवलेली दगडमाती. दुसरा धोका गुप्तधनाचा. अमावास्येला लिंबू-नारळ ठेवून मध्यभागी खड्डा खणलेली वर्तुळं मी पाहिली आहेत. सोन्याचे दागिने काही उत्खननांत निघाले आहेत हे खरं. पण ते बोटभर पत्र्याचे, चिमटीत मावणारे. ते शोधायला माणसं रात्री येतात आणि भांडी, हाडं, थर, सगळं एकात एक कालवून जातात. त्यानंतर तिथं कुठलाही पुरातत्त्वज्ञ आला तरी त्याला वाचायला काही उरत नाही.

जुनापाणीला केंद्राचं संरक्षण आहे. नागपूर जिल्ह्यातल्या आणखीही गावांतली शिळावर्तुळं त्या यादीत आहेत. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगीची अट आहे. जी वर्तुळं यादीत आलीच नाहीत, त्यांचं काय? विदर्भात अशी गावंच्या गावं आहेत, जिथं वर्तुळ कुणाच्या तरी वावरात आहे आणि ते टिकणं सर्वस्वी त्या शेतकऱ्याच्या मनावर आहे.

उमरेडकडच्या एका गावात असा एक शेतकरी माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या तुरीच्या वावरात कोपऱ्याला चौदा मीटरचं वर्तुळ आहे. त्याच्या आजानंही त्यावर नांगर घातला नाही, बापानंही नाही, तोही घालत नाही. पण आता मुलं शेत वाटून मागताहेत आणि तेवढी जागा कुणाच्या वाट्याला जायची, यावर घरात कुरबूर सुरू आहे. मी त्याला एक वाट सुचवली. सातबाऱ्यावर पोटखराबाचे दोन वर्ग असतात. 'अ' वर्ग म्हणजे खडकाळ वगैरे, पिकाला नालायक जमीन. 'ब' वर्गात रस्ता, तलाव, स्मशान अशा कामांसाठी बाजूला ठेवलेली जमीन येते आणि तिच्यावर आकारणी नसते. तुझ्या वावरात आहे ते स्मशानच आहे, फक्त फार जुनं. तशी नोंद माग. पुरातत्त्व खात्यालाही फोटोसह कळव.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोटखराब लागलं तं बोजा चढते का, साहेब?"

नाही, म्हटलं.

"अन् बाकीचं वावर इकता येईन?"

येईल. मालकी तुझीच राहते.

आम्ही टेप काढला. मी सवयीनं गोट्यांच्या बाहेरच्या कडेला टेपचं टोक लावलं, तर त्यानं माझा हात धरून ते मागे सरकवलं. "गोट्यापासून नोका धरू. मीटरभर सोडा. ट्रॅक्टर वळते तवा फाळ लागते त्याले." त्याचं बरोबर होतं. सगळीकडून मीटरभर सोडून सोळा मीटरचं वर्तुळ धरलं. क्षेत्र भरलं दोन आर. कच्चा नकाशा काढला, प्रत्येक गोटा त्यात जागेवर टिंबानं दाखवला आणि त्याच आठवड्यात अर्ज तलाठ्याकडे दिला.